डोंगरापलीकडची बस

एप्रिल १९५३ मधला एक रविवार. केंडल गावातून निघालेल्या लाल बसमध्ये तुम्ही पुढून दुसऱ्या बाकावर बसला आहात. खिशात चॉकलेटची वडी आहे. काल दुकानातून घेतली तेव्हा कूपन द्यावं लागलं नाही, कारण फेब्रुवारीतच इंग्लंडमध्ये गोड खाऊवरचं रेशनिंग उठलं. साखर अजून मोजून मिळते, आणि मटणाचं रेशनिंग उठायला पुढचं साल उजाडेल. पेट्रोलवरचं बंधन तीन वर्षांपूर्वी गेलं खरं, पण मोटार घेण्याइतका पैसा आहे कुणाकडे? लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात जायचं तर रिबल कंपनीची ही बस बरी.

तुमच्या पुढच्या बाकावर एक धिप्पाड माणूस बसलाय. जुना ट्वीडचा कोट, तोंडात पाइप, मांडीवर घडी घातलेला ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा. त्याच्याशी बोलायला जाऊ नका. डोंगरात समोरून कुणी येताना दिसलं तर हा वाट सोडून खडकाआड होतो, असा याचा पुढे लौकिक होणार आहे. केंडलचे लोक त्याला ओळखतात ते नगरपालिकेचा खजिनदार म्हणून. दिवसभर तो जमाखर्चाच्या वह्या लिहितो, तेही अतिशय देखण्या अक्षरात. रात्री घरी बसून काय करतो हे बसमधल्या कुणालाच ठाऊक नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. मागच्या वर्षी, ९ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री, आल्फ्रेड वेनराइटनं एका पुस्तकाचं पहिलं पान काढलं: ॲम्बलसाइडहून डव्ह क्रॅगवर जाण्याची वाट. पुस्तकात छापखान्याचा एकही खिळा लागणार नाही. अक्षर त्याचं, नकाशे त्याचे, चित्रंही त्याचीच. सात भाग, २१४ डोंगर, तेरा वर्षं असा बेत आहे आणि १९६६ मध्ये तो पुरा होणार आहे. या उन्हाळ्यात मात्र तो तोवर झालेली शंभरेक पानं रद्द करून पुन्हा पहिल्यापासून बसेल. कारण काय, तर ओळींची उजवी कड डाव्या कडेसारखी सरळ येत नव्हती. पहिल्या भागाच्या छपाईला ९५० पौंड लागतील तेव्हा याच्याजवळ ३५ असतील, आणि बाकीचे पुस्तक खपेल तसे घेईन म्हणणारा छापखानेवाला त्याला भेटेल.

हा माणूस मोटार चालवायला कधीच शिकला नाही. कुठल्या रविवारी कुठला डोंगर, कुठून चढायचं आणि किती वाजता उतरायला लागायचं, हे सगळं पहिल्या आणि शेवटच्या बसवर ठरतं. त्या सात पुस्तकांना सहलेखक असेल तर तो रिबल कंपनीचं वेळापत्रक. मुखपृष्ठावर त्याचं नाव नाही एवढंच.

बस स्टेव्हली मागे टाकते आणि विंडरमिअरच्या रेल्वे स्टेशनापाशी थांबते. स्टेशनावर उतरलेली माणसं पाठीवर पिशव्या घेऊन बसमध्ये चढतात. रूळ इथे संपतात. पुढे ॲम्बलसाइड आहे, ग्रासमिअर आहे, केझिक आहे, पण रेल्वेनं पुढे पाऊल टाकलं नाही. असं का, हे पाहायचं तर तुम्हाला आणखी १०९ वर्षं मागे जावं लागेल. त्यासाठी बसमधून उतरायचीही गरज नाही. रायडल येईपर्यंत खिडकीतून बघत राहा.

डांबर जातं, रस्ता कच्चा होतो, इंजिनाच्या घरघरीऐवजी घोड्यांच्या टापा ऐकू येऊ लागतात. ऑक्टोबर १८४४. रायडल माउंट नावाच्या घरात ७४ वर्षांचे विल्यम वर्डस्वर्थ संतापून बसले आहेत. मागच्याच वर्षी ते राजकवी झाले. आता केंडलहून विंडरमिअरपर्यंत रेल्वे आणण्याचा घाट घातला गेलाय आणि त्याविरुद्ध त्यांनी सुनीत लिहिलंय. ते ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून येईल आणि डिसेंबरमध्ये त्याच पत्राला त्यांची दोन लांबलचक पत्रं जातील. पत्रांतला मुद्दा आजच्या कानांना खटकतो. निसर्गाचं सौंदर्य कळायला डोळा हळूहळू तयार व्हावा लागतो. लँकेशरच्या गिरण्यांतले कामगार आगगाडीत भरून झुंडीनं इथे आणून ओतले तर त्यांचंही भलं होणार नाही आणि या खोऱ्यांचंही.

गंमत म्हणजे या भागाचं सर्वांत गाजलेलं मार्गदर्शक पुस्तक याच कवीनं लिहिलंय. डोळा आणि हृदय असलेल्या प्रत्येकाचा या मुलखावर हक्क आहे, हा देशाचा सामाईक ठेवा आहे, असं त्यात तेच म्हणून बसले आहेत. पुस्तक वाचून लोक येतात, रायडल माउंटच्या फाटकाशी उभे राहून खुद्द कवी दिसतोय का ते पाहतात. तेवढे आलेले चालतात, कारण ते आपल्या खर्चानं घोडागाडीतून येतात.

म्हाताऱ्यावर रागावणं सोपं आहे. पण शेजारी तलाव दिसतोय, पलीकडे नॅब स्कारचा चढ, आणि साऱ्या खोऱ्यात मेंढ्या सोडून कसलाही आवाज नाही. इथे बसून तुम्हीही कदाचित एखादं पत्र लिहिलं असतं.

रेल्वे आली ती १८४७ च्या एप्रिलमध्ये. बर्थवेट नावाच्या वाडीपाशी येऊन ती थांबली आणि वाडीचं नाव बदलून विंडरमिअर झालं. पुढे १८८७ मध्ये ती ॲम्बलसाइडपर्यंत नेण्याचं विधेयक आलं ते संसदेत पडलं. त्या विरोधात पुढे होते कॅनन हार्डविक रॉन्स्ली, ज्यांनी आठ वर्षांनी आणखी दोघांबरोबर नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. म्हणून तुम्ही आज बसमध्ये आहात. रूळ जिथे अडले तिथून बसचा धंदा सुरू झाला.

आणि ज्याची कवीला भीती होती तो माणूस तुमच्या पुढच्या बाकावर पाइप ओढतोय.

वेनराइट ब्लॅकबर्नचा. बाप गवंडी आणि दारूडा, घर चाळवजा रांगेतलं, शाळा तेराव्या वर्षी सुटली. ब्लॅकबर्न म्हणजे कापडगिरण्यांचं गाव, आणि तिथल्या मागांवर खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. १९३० च्या उन्हाळ्यात, २३ व्या वर्षी, पाच पौंड साठवून तो चुलतभावाबरोबर आठवडाभरासाठी पहिल्यांदा इथे आला आणि विंडरमिअरमागची ऑरेस्ट हेड नावाची टेकडी चढला. उंची जेमतेम २३८ मीटर. वर उभं राहून त्यानं जे पाहिलं त्यानं त्याचं पुढचं आयुष्य ठरलं. त्याच वर्षी तिकडे मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांवर पिकेटिंग चालू होतं, आणि १२ डिसेंबरला काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला बाबू गेनू, स्वतः गिरणी कामगारच, चाकाखाली मारला गेला. ब्लॅकबर्नच्या गिरण्या आधीच डबघाईला आल्या होत्या. या बहिष्कारानं त्यांची धाप आणखी वाढली. दोन गिरणगावांची ही गाठ कुणाच्याही डोंगरवाटांच्या पुस्तकात नाही. इथे ती सांगितली, कारण तुम्ही मराठीत वाचताय.

‘ग्रासमिअर!’ वाहक ओरडतो. उतरा.

गावावर उभा राहिलेला तो छोटा डोंगर हेल्म क्रॅग. माथ्यावरचे खडक खालून पाहिले की सिंह आणि त्याच्यासमोर बसलेलं कोकरू दिसतं, असं बसमधले सगळे एकमेकांना बोट करून सांगतात. खरा सर्वोच्च खडक त्या माथ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तो चढायला दोन्ही हात लागतात. वेनराइटला तो कधीच जमला नाही. १९५८ च्या भागात, आपण तो चढलो हे जाहीर करण्यासाठी त्यानं पानावर जागा राखून ठेवली आणि ती कायमची कोरी राहिली. माझ्या मते त्या सात पुस्तकांतली ही सगळ्यात चांगली जागा.

आज मात्र हेल्म क्रॅग नाही. आज पलीकडे जायचंय.

मोटारीनं आलेल्या माणसाला संध्याकाळी मोटारीपाशी परत यावंच लागतं, म्हणून त्याची प्रत्येक वाट गोल फिरून सुरुवातीला येते. बसनं आलेल्याला एका खोऱ्यात उतरून, खिंड ओलांडून, दुसऱ्याच खोऱ्यातल्या दुसऱ्याच बसमध्ये बसता येतं. एसटीनं जुन्नरहून घाटघर गाठून, नाणेघाट उतरून वैशाखऱ्याला कल्याणची गाडी धरणाऱ्याला हे सांगायला नको. डोंगर ओलांडायची ही चाल खिंडींइतकीच जुनी आहे. ग्राइझडेलच्या खिंडीतून शेकडो वर्षं मालवाहू तट्टं गेली. तुम्ही त्यांच्याच वाटेनं निघालाय: ग्रासमिअर ते पॅटरडेल, सुमारे १३ किलोमीटर, चढ पाचशे मीटरच्या थोडा वर.

टंग गिल ओढ्याच्या काठानं वाट चढते. दोन्हीकडे रचीव दगडांच्या भिंती, ना चुना ना माती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात गावकीची कुरणं वाटून घेतली गेली तेव्हा यातल्या बहुतेक उभ्या राहिल्या. सरळ अंगावर येणाऱ्या उतारावर, जिथे तुम्हाला नुसतं उभं राहणं जड जातंय तिथे कुणीतरी दगडावर दगड ठेवत गेलं. वेनराइटनं आपला दुसरा भाग या भिंती बांधणाऱ्यांना अर्पण केला. पहिला ऑर्डनन्स सर्व्हेच्या माणसांना. राजे, कवी, सरदार यांच्यापैकी कुणालाही त्यानं एकही भाग दिला नाही.

हर्डविक मेंढ्या तुमच्याकडे बघतात आणि पुन्हा चरू लागतात. यांची कोकरं काळी जन्मतात आणि वयाबरोबर राखाडी होत जातात. यांना कुंपण लागत नाही. आपला डोंगर कुठला हे आईकडून पिल्लू शिकतं आणि त्याच्या हद्दीत राहतं. १९५३ असो की १८४४, मेंढीकडे पाहून साल ओळखता येत नाही, म्हणून काळात फिरताना मेंढ्यांचा काही उपयोग नाही.

खिंडीत भिंतीला एक फट आहे. तिच्यातून पलीकडे पाय टाकला की वारा तोंडावर येतो आणि खाली ग्राइझडेल टार्न दिसतं: डोंगरांच्या मधोमध, ५३८ मीटरवर, झाड-झुडूप काही नसलेलं तळं. डावीकडे सीट सँडल, उजवीकडे फेअरफील्ड, समोर डॉलीवॅगन पाइक. वेनराइट डॉलीवॅगनच्या नागमोडी वाटेला लागलाय. त्याला जाऊ द्या. तुम्ही तळ्याकाठी बसा.

इथे काळ फार पातळ आहे. दहाव्या शतकापर्यंत पाय घसरायला वेळ लागत नाही. इ.स. ९४५ मध्ये इंग्लंडच्या एडमंड राजानं कंब्रिया जिंकला. लोक सांगतात की इथला शेवटचा राजा डनमेल जवळच्याच खिंडीत मारला गेला, त्याच्या शिपायांनी त्याच्यावर दगडांचा ढीग रचला, मुकुट या तळ्यात फेकला, आणि दरवर्षी ते मुकुट बाहेर काढून राजाला उठवायला जातात. दगडांचा ढीग अजून आहे. केझिकची बस त्याला वळसा घालून जाते. फक्त राजा तिथे नाही. तो लढाईतून वाचला आणि तीस वर्षांनी रोमच्या यात्रेत मेला, असं इतिहास सांगतो. शिपायांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

तळ्यातून पाणी जिथे बाहेर पडतं तिथून थोडं खाली या. २९ सप्टेंबर १८००. ऊन आणि सरी यांचा पाठशिवणीचा खेळ चाललाय. तिघं जण वाटेनं येताहेत. तिशीचा विल्यम; अजून राजकवी वगैरे कुणी नाही, ग्रासमिअरच्या एका छोट्या घरात राहणारा हडकुळा माणूस. त्याचा धाकटा भाऊ जॉन, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा अधिकारी. जानेवारीपासून भावंडांकडे राहिला, आता पुन्हा समुद्रावर निघालाय. आणि बहीण डोरोथी. अल्सवॉटरचं पाणी दूरवर दिसू लागतं तिथे ते थांबतात, निरोप घेतात. जॉन पॅटरडेलकडे उतरत जातो. दोघं मागे वळतात.

पुढच्या वर्षी जॉन ‘अर्ल ऑफ ॲबरगेव्हनी’ या जहाजाचा कप्तान झाला. त्या जहाजाचा मार्ग बंगाल आणि चीनचा. ५ फेब्रुवारी १८०५ ला, प्रवास धड सुरूही झाला नव्हता तेव्हा, इंग्लंडच्याच दक्षिण किनाऱ्याजवळ ते वाळूच्या पट्ट्यावर आपटलं आणि रात्री वेमथच्या उपसागरात बुडालं. अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यांत कप्तानही. त्याच आठवड्यात त्याच कंपनीची फौज भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती आणि यशवंतराव होळकर तिच्याशी लढत होते. त्यांना या तळ्याचं नाव माहीत असण्याचं कारण नाही, पण कंपनीची लांबी मोजायची तर तिचं एक टोक इथे या वाटेवर होतं.

निरोपाच्या जागेवरचा खडक तुम्हाला सापडेल. रॉन्स्लींच्या पुढाकारानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्यावर विल्यमच्या ओळी कोरल्या गेल्या. अक्षरं आता इतकी झिजली आहेत की बोट फिरवून वाचावी लागतात. नकाशावर या जागेचं नाव ‘भावांच्या निरोपाचा दगड’ अशा अर्थाचं आहे. त्या दिवशीचं ऊन, सरी, तारीख, आपण उभे होतो ती जागा, हे सगळं आपल्याला कळतं ते डोरोथीच्या रोजनिशीमुळे. नावात तिला जागा मिळाली नाही.

आता उतार. रुथवेट लॉज नावाचं दगडी घर येतं, मग खोरं रुंदावतं, ओढ्याची नदी होते. समोरून काठ्या टेकत एक जोडपं येतं आणि त्यांच्या मनगटावर उंची आणि ठोके दाखवणारं घड्याळ आहे. म्हणजे तुम्ही पोचलात. २०२५ चा जुलै. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ३०० किलोमीटर चालत जाणारी माणसं हीच वाट धरतात. ती लांब वाटही वेनराइटचीच, १९७३ च्या पुस्तकातली. तो १९९१ मध्ये गेला आणि त्याची राख हेस्टॅक्स डोंगरावरच्या एका अनाम तळ्यापाशी नेऊन टाकली.

पॅटरडेलचा रस्ता दिसतो आणि वर्डस्वर्थचं कुठे चुकलं ते कळतं. आगगाडी अडली आणि मोटारी आल्या. रस्त्याच्या कडेला गवतावर, फाटकांपुढे, वळणावर, मिळेल तिथे गाड्या लावल्यात आणि मधून एक ट्रॅक्टर वाट काढतोय. पेनरिथहून केझिकला जाणारा रेल्वेमार्ग होता, तोही १९७२ मध्ये बंद झाला. ज्या गर्दीला कवी घाबरत होते ती गर्दी डब्यात बसून आली असती तर या वळणावरचं गवत वाचलं असतं.

पेनरिथकडची ५०८ नंबरची बस यायला अजून चाळीस मिनिटं आहेत. थांब्यावरच्या बाकावर एक आजी आणि दोन नाती. मुली वीसएक वर्षांच्या, एकीच्या डोक्याला रुमाल, दुसरीच्या बुटांना ओला चिखल. आजीनं डबा उघडलाय आणि तुमच्यासमोरही धरलाय. नको म्हणायची सोय नाही. थेपल्याचा एक तुकडा तोडता तोडता कळतं की हे लोक ब्लॅकबर्नचे. आजीचा नवरा भरूचकडून साठच्या दशकात गिरणीत रात्रपाळी करायला आला होता. गिरणी गेली, माणसं राहिली.

“दादीला फुकट, आम्हाला तीन पौंड,” धाकटी म्हणते. इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांचा पास बसमध्ये कुठेही चालतो, आणि बाकीच्यांना २०२५ मध्ये एका फेरीला तीन पौंडांच्या वर पडत नव्हते. “आगगाडीनं पेनरिथ, मग बस. बाबांनी गाडी दिली नाही म्हणून.”

“तुम्ही कुठून आलात?” थोरली विचारते.

“ग्रासमिअरहून.”

“आणि आता परत ग्रासमिअर?”

“नाही. पेनरिथला.”

ती नकाशा काढते. घाटघर-वैशाखऱ्याची गोष्ट सांगायचा मोह तुम्ही आवरता. तिचं बोट ग्रासमिअरपासून खिंडीवरून पॅटरडेलपर्यंत येतं आणि मग अल्सवॉटरच्या काठाकाठानं सरकत जातं.

“दादीला डोंगर जमणार नाही,” ती म्हणते. “पण पाणी आवडतं तिला.”

“मग पुढच्या वेळी बसनं ग्लेनरिडिंगला उतरा. १८५९ पासून या तलावात बोटी चालतात. तिघी हाऊटाउनला जा. तिथून पाण्याच्या वरच्या अंगानं डोंगराच्या कुशीतून वाट इकडे येते, दहा-अकरा किलोमीटर. तुम्ही दोघी चालत या, दादी बोटीत बसून परत येतील.”

आजीला सगळं कळतंय. ती डबा बंद करते आणि विचारते, बोटीला पास चालतो का?

“नाही, तिथे तिकीट काढावं लागतं. तुमचं रिटर्न काढा, दादी. पोरींचं सिंगल.”